भीती शोधताय? आधी नियम वाचा

‘जगबुडीनंतरचे टेबलावरचे खेळ म्हणजे शीतयुद्धातल्या अणुभीतीचं प्रतिबिंब.’ असं वाक्य तुमच्या संशोधन प्रस्तावात असेल, तर जरा थांबा. ते चूक नाही, पण त्यातून फारसं काही उलगडत नाही.

दोन खेळ घेऊ. दोन्ही अमेरिकन, दोन्ही शीतयुद्धातले. ‘गॅमा वर्ल्ड’ (१९७८) मध्ये उद्ध्वस्त जगातल्या पात्रांना चित्रविचित्र शक्ती असतात, आणि सापडलेलं जुनं यंत्र कसं चालतं हे ठरवायला खास तक्ता असतो. ‘ट्वायलाइट: २०००’ (१९८४) मध्ये तुम्ही पोलंडमध्ये अडकलेले सैनिक. इथे काडतुसं मोजायची, गाडीसाठी अल्कोहोल गाळायचं.

भीती एकच, मग खेळ इतके वेगळे कसे? प्रकाशक बघा. पहिला टीएसआरचा, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वाल्यांचा, भुयारातला खजिना अवशेषांत आला, एवढंच. दुसरा जीडीडब्ल्यूचा. ते युद्धखेळ छापायचे, म्हणून रसदेचा हिशेब. काळाइतकीच खेळाची वंशावळही बोलते.

आता झोंबींचा ‘डेड ऑफ विंटर’ (२०१४). वसाहत सगळ्यांनी मिळून वाचवायची, पण प्रत्येकाचं उद्दिष्ट गुप्त. एखादा गद्दारही असू शकतो. ‘आजच्या समाजातला अविश्वास’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. सहकारी खेळातला छुपा गद्दार २००५ च्या ‘शॅडोज ओव्हर कॅमेलॉट’मध्येही होता, आणि तो तर राजा आर्थरचा खेळ!

म्हणून आधी विचारा: हा नियम आला कुठून? मग त्यात नवं काय, ते शोधा. काळाची खूण सापडली तर तिथेच सापडेल.