मुक्तस्रोताचे दार आणि दारावरचा माणूस

मुक्तस्रोत आज्ञावली कोणालाही वाचता येते, वापरता येते आणि बदलताही येते. मात्र एखादा बदल मूळ प्रकल्पात स्वीकारायचा की नाही, हा निर्णय मूठभरांच्या, पुष्कळदा एकाच व्यक्तीच्या हाती असतो. अशा व्यक्तीला मेंटेनर म्हणतात. बदल सुचवण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आणि तो तपासण्याची जबाबदारी एकट्यावर, या विषम रचनेतून मेंटेनर आणि योगदानकर्ते यांच्यातील संघर्ष पुन्हा पुन्हा उद्भवला आहे. २०१५ साली केंद्र सरकारने आपल्या कारभारात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे हा इतिहास भारतालाही परका राहिलेला नाही.

दार फार घट्ट मिटून घेतले तर काय होते, हे जीसीसी या कंपायलरने दाखवले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली तो प्रथम प्रसिद्ध केला. नव्वदीच्या दशकात त्याला सुधारणा सुचवणारे वाढले. परंतु त्या स्वीकारण्याची गती अतिशय मंद होती. अखेर १९९७ साली नाराज प्रोग्रॅमरांनी त्याच आज्ञावलीची वेगळी शाखा काढली व तिला ईजीसीएस हे नाव दिले. ही शाखा इतकी सरस ठरली, की एप्रिल १९९९ मध्ये तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता मिळाली. वेगळे होण्याचा हक्क हाच तेथे योगदानकर्त्यांचा शेवटचा उपाय ठरला.

दार सताड उघडे असल्याचा त्रास २०२० साली दिसला, आणि त्यात भारताचाही वाटा होता. डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरमध्ये हॅकटोबरफेस्ट हा उपक्रम भरवते. त्या वर्षी चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता. एखाद्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात दोन-चार शब्द बदलूनही हे कसे साधते, याचे प्रात्यक्षिक भारतातील एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीने दाखवले. त्यानंतर जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पूर लोटला. पाठवणाऱ्याला त्यासाठी एक मिनिट पुरत असे. मेंटेनरला मात्र प्रत्येक बदल उघडून, वाचून नाकारावा लागे. अवघ्या काही दिवसांत नियम बदलावे लागले आणि स्वतःहून संमती देणारे प्रकल्पच उपक्रमात धरले जाऊ लागले.

याहून गंभीर प्रकरण एक्सझेड युटिल्सचे. फाइलींचा आकार लहान करणारी ही आज्ञावली बहुतेक सर्व लिनक्स संगणकांवर असते. फिनलंडमधील लासे कॉलिन अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला तिची देखभाल करत होते. २०२१ मध्ये जिया टॅन या नावाने कोणीतरी उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागले. २०२२ च्या उन्हाळ्यात काही अपरिचित नावांनी कॉलिन यांच्यावर टीका सुरू केली. काम रखडले आहे, नवा मेंटेनर नेमा, असा त्यांचा धोशा होता. त्यांतील एक नाव तर भारतीय वाटावे असे होते. दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे आपली शक्ती मर्यादित आहे आणि हे विनावेतन छंदाचे काम आहे, असे कॉलिन यांनी उत्तरादाखल मोकळेपणाने सांगितले. पुढे हळूहळू टॅन यांच्याकडे अधिकार गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० या आवृत्तीत एक चोरदरवाजा दडवलेला होता. त्यातून हल्लेखोराला दूरच्या सर्व्हरमध्ये शिरकाव करता आला असता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिनसाठी सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे जाणवले. त्याचा माग काढत त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी हे कारस्थान उघड केले. तोवर ही आवृत्ती प्रामुख्याने चाचणीसाठीच्या लिनक्स वितरणांपर्यंतच पोहोचली होती, म्हणून मोठा अनर्थ टळला. जिया टॅन या नावामागे कोण होते, हे अद्याप उघड झालेले नाही. तक्रार करणारी ती नावेही त्याच कटाचा भाग असावीत, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. हल्लेखोराने आधी हेरला तो आज्ञावलीतील दोष नव्हे, तर एका थकलेल्या माणसाचा एकटेपणा.

या प्रकरणानंतर मेंटेनरांच्या आर्थिक आधाराची चर्चा वाढली. भारतातील झेरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरातील मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. पैशाने वेळ मिळतो. परंतु दुसऱ्याने लिहिलेली ओळ बारकाईने वाचण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागते. मुक्तस्रोतात पहिले पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला नवी ओळ लिहिण्याआधी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. दोष नेमका कोणत्या परिस्थितीत उद्भवतो ते नोंदवणे, इतरांनी पाठवलेल्या दुरुस्त्या चालवून पाहणे, जुनी कागदपत्रे अद्ययावत करणे, ही ती कामे. त्यांसाठी टी-शर्ट मिळत नाही. पण दारावरच्या माणसाचा भार मात्र त्यांनीच हलका होतो.

#मुक्तस्रोत #विज्ञानाचाइतिहास #संगणकशास्त्र