खालून वाघ, वरून गाड्या

आमच्या नायगावच्या बीडीडी चाळींतून गणपतीला कोकणात निघालेली गाडी कर्नाळ्याच्या जंगलातून जाते. १९६८ साली अभयारण्य झालेल्या या जंगलातूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. तिथे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलणारा चालक मी क्वचितच पाहिला.

डिसेंबर २०१७मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर, बाजारगावजवळ, बोर व्याघ्र प्रकल्पातला ‘बाजीराव’ वाघ रात्री गाडीच्या धडकेनं मेला. त्याच नागपूरच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलात मात्र महामार्गाच्या रुंदीकरणाचा वाद न्यायालयात गेला आणि अखेर जागोजाग रस्ताच उचलला गेला. जनावरांसाठी खालून ९ वाटा सुटल्या; त्यांतल्या दोन प्रत्येकी ७५० मीटरच्या. २०१९मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे प्राणी टिपले गेले, त्यांत वाघही. (चितळांना टोल नाही, हे बरं.) वाघ शिकले, त्यांच्यासाठी पैसे मोजायला माणसाला मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली.

असे पूल प्रत्येक जंगलात कुठले व्हायला? तिथे सगळी भिस्त चालकावर. रात्री वेग कमी, जनावर दिसलं की दिवे डिपरवर, हॉर्न नाही. आणि एक रानडुक्कर गेलं म्हणून लगेच गिअर टाकू नये. मागून पिलं येत असतात.