पॉयझनव्हिलचा गुप्तहेर

परवा डॅशिएल हॅमेटची 'रेड हार्वेस्ट' ही १९२९ सालची कादंबरी पुन्हा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा फक्त खून आणि गोळीबार लक्षात राहिले होते. या वेळी मात्र भलत्याच ठिकाणी अडकलो.

पर्सनव्हिल नावाचं खाणीचं शहर. लोक त्याला पॉयझनव्हिल म्हणतात. खाणमालकाने संप मोडायला गुंड आणले. संप मोडला, पण गुंड काही परत गेले नाहीत, शहरच गिळून बसले. पोलीसप्रमुखही त्यांना सामील. तिथे एक बिननावाचा, जाडा, थकलेला गुप्तहेर येतो आणि टोळ्यांना आपसात झुंजवतो. पुढे त्यालाच जाणवतं, की या रक्तपाताची आपल्याला चटक लागतेय...

मला हे सगळं रचलेलं वाटायचं. पण हॅमेट स्वतः १९१५ पासून काही वर्षं पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीत होता. संप मोडायला मालक लोक याच कंपनीची माणसं भाड्याने घेत. आणि पर्सनव्हिल बरंचसं मोन्टानामधल्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या शहरासारखं आहे. तिथे जून १९१७ मध्ये खाणीत आग लागून १६८ माणसं गेली. कामगार संपावर गेले. त्यांच्यासाठी भाषणं करायला आलेल्या फ्रँक लिटलला १ ऑगस्टच्या पहाटे मुखवटे घातलेल्या लोकांनी ओढून नेलं आणि रेल्वेच्या पुलाला लटकवलं. कुणालाही शिक्षा झाली नाही.

लिटलला मारायला आपल्याला ५००० डॉलर देऊ केले होते, असं हॅमेट वारंवार सांगायचा, असं त्याची मैत्रीण, नाटककार लिलियन हेलमन हिने लिहून ठेवलंय. अभ्यासकांना याबद्दल शंका आहे. घडलं नसेलही. पण मग माणूस स्वतःबद्दल असली गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगेल? कुणाची चाकरी केली, हे त्याला टोचत असणार, असं मला वाटतं.

१९५१ मध्ये कोर्टाने त्याला विचारलं, फरार कम्युनिस्टांच्या जामिनासाठी पैसे देणारे कोण? त्याने तोंड उघडलं नाही. सहा महिन्यांची शिक्षा झाली. कामगारांची नावं मालकांना पुरवणाऱ्या कंपनीत वाढलेला माणूस, नावं सांगत नाही म्हणून तुरुंगात गेला!

असो. कादंबरी हाताशी आली तर जरूर वाचा. मी तिसऱ्यांदा वाचणार आहे.