धनी पलटणीत, शेत तिच्या हाती

१७३७ च्या मार्चअखेरीस चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले. खाडीकाठचा किल्ला तेव्हा पुरता बांधूनही झाला नव्हता. आज त्याच तटाआड ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. तिथून माजिवडा हे भातखाचरांचे गाव जेमतेम कोसभर. मार्चअखेर म्हणजे उत्तर कोकणात राब भाजायचे दिवस. शेण, पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या पसरून जमीन भाजायची, रोहिणीत पेरायचे, मृग लागला की रोपांवर नजर ठेवायची. ही कामे करणारे कितीतरी हात त्या वर्षी मोहिमेवर होते. वसई पडायला मे १७३९ उजाडला. म्हणजे मध्ये दोन पावसाळे गेले, दोनदा लावणी झाली, दोनदा भात कापून खळ्यावर आले. ते कोणी केले, हे सांगण्याची गरज बखरकारांना वाटली नाही.

मराठी फौजेचे वेळापत्रक मुळात शेतीवर बेतलेले. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्याच्या तोंडावर परत. घाटावरच्या कुणब्याला ते बरेचसे सोयीचे होते. कोकणातल्या भातकऱ्याला तेवढे नव्हते, कारण दसऱ्यानंतरच इथले भात कापणीला येते. धनी निघायचा आणि कापणी, झोडणी, पेंढा रचणे, सरकारी सारा चुकवणे हे सगळे मागच्यांवर पडायचे. पुढे मोहिमा लांबल्या, फौजा नर्मदेपार गेल्या, तेव्हा वर्षाचा हिशेबच मोडला. महादजी शिंदे १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले आणि १७९२ मध्ये पुण्यास परतले. पण एवढ्या सत्तेतही ते मिरवत राहिले ते पाटीलच. गावच्या वतनाशी असलेली नाळ इतकी घट्ट होती. मोठ्या सरदाराला कारकून, कारभारी, जासूद ठेवता येत. साध्या शिपायाला भाऊ, बाप आणि बायको, एवढेच कारभारी.

इंग्रजांच्या पलटणीत गेल्यावर पावसाळ्याला घरी यायची वहिवाट संपली. जंगी पलटण ही इंग्रजांची मराठा पलटण १७६८ ची. पुढे मराठा पलटणींची भरती मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून होऊ लागली, आणि तो सगळा डोंगराळ, तुकड्या-तुकड्यांच्या शेतीचा मुलूख. घरात चार भाऊ, जमीन एकर-दोन एकर. एकाने पलटणीत जावे आणि त्याच्या पगारावर सारा भरावा, हा सरळ हिशेब होता. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले.

त्या युद्धात शिपायाचा मूळ पगार महिन्याला ११ रुपये. त्यातला जमेल तेवढा भाग मनीऑर्डरने घरी यायचा. १८८० मध्ये सुरू झालेल्या या सोयीने दूरच्या माणसाच्या हाती पहिल्यांदाच घर चालवायचे खरे साधन दिले. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटे कुपन असे, मजकुरासाठी. बोटभर जागा. बैल विकू नका, सावकाराचे व्याज आधी द्या, धाकटीचे लग्न मी आल्यावर करा, असल्या आज्ञा तेवढ्यात बसवाव्या लागत. पोस्टमन ओटीवर बसून तो मजकूर वाचून दाखवी, पैसे मोजून हातावर ठेवी, शाईच्या गादीवर अंगठा टेकवून घेई आणि शेजारच्याची साक्ष घेई. धन्याचा हुकूम परक्याच्या तोंडून ऐकायचा आणि उत्तरही परक्याकडून लिहून घ्यायचे, अशी ही व्यवस्था. नवराबायकोचे खासगी बोलणे त्यात कितीसे उतरत असेल?

फ्रान्सच्या आघाडीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या हिंदी सैनिकांच्या पत्रांसाठी तर सरकारने स्वतंत्र सेन्सॉर कचेरीच उघडली होती. तिथे पत्रे वाचून त्यांतले उतारे नोंदवले जात, म्हणून ती आज अभ्यासकांना वाचता येतात. युद्धाविषयी जपून लिहिलेले असते. मोकळेपणाने येतात ती पिके, गुरे, कर्ज, सोयरिकी आणि भाऊबंदकी. खंदकात बसलेल्या माणसाच्या डोक्यात गावचा बांध होता, हे या पत्रांइतके दुसरे काही सांगत नाही.

आणि कधी पत्रच येईनासे व्हायचे. डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात कुट येथे तुर्कांनी इंग्रजी फौजेला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने हतबल झालेल्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. युद्धकैद्यांची पायपीट सुरू झाली आणि वाटेत, छावण्यांत माणसे मरत गेली. इकडे कोकणात त्या वर्षीही राब भाजले गेले असणार. ज्या घरात माणूस जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नाही, तिथे जमीन कोणाच्या नावावर करायची, कर्ज कोणाच्या अंगठ्यावर काढायचे, हा प्रश्न दुःखाइतकाच निकडीचा होता. १९१८ मध्ये तर उलटे घडले. मुंबई इलाख्यात पावसाने दगा दिला आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाने गावेच्या गावे झोपवली. लढाईवरचा माणूस तगला आणि ज्यांच्यासाठी पैसे पाठवत होता ती माणसे गेली, अशी घरे त्या वर्षी झाली.

माणूस दूर असला की बांध सरकतो, हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. दावे होत, समन्स निघे, शिपाई हजर नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २८ व्या आदेशात यावर एक उपाय आहे. रजा न मिळणाऱ्या सैनिकाला आपल्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही देता येतो. तो कागद कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून, त्याच्या साक्षांकनासह कोर्टात दाखल करायचा. त्याहून महत्त्वाचा सैनिकांच्या दाव्यांसंबंधीचा कायदा महायुद्धाच्या काळात आला आणि १९२५ मध्ये नव्या रूपात झाला. तो आजही लागू आहे. सैनिक युद्धपरिस्थितीत असेल तर कोर्टाने खटला स्थगित ठेवायचा, जिल्हाधिकाऱ्यानेही तसे कळवायचे, त्याच्या पाठीमागे झालेला हुकूमनामा रद्द करून मागता येतो, मुदतीच्या मोजणीतून तो काळ वगळला जातो. हिंदुस्थानातल्या सैनिकाला इंग्रजांनी दिलेल्या पदकांपेक्षा हा रुक्ष कायदा जास्त उपयोगाचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर पेच बदलला. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक झाली. एरवी हा न्यायच होता. पण पलटणीत जाताना एकरभर जमीन शेजाऱ्याला खंडाने लावून गेलेला शिपाईही कायद्याच्या लेखी ‘जमीनमालक’च ठरत होता. चीनच्या युद्धानंतर, १९६४ मध्ये महाराष्ट्राने कूळकायद्यात सैनिक जमीनमालकांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले आणि स्वतः कसण्यासाठी जमीन परत घेण्याची वाट मोकळी केली. यात कुळावर अन्याय झालाच नाही असे नाही. ठाणे जिल्ह्यात तर कूळ बऱ्याचदा आदिवासी. दोन गरिबांमधला हा तंटा होता आणि कायद्याला त्यात एकाची बाजू घ्यावी लागली.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्याला युद्धाने आणखी एक अनुभव दिला. इथे शेतकरी युद्धावर जाण्याआधी युद्धच शेतावर आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांच्या मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर वसले. नेवाळीला विमानांच्या धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपले, तरी त्या परत मिळाल्या नाहीत ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि जून २०१७ मध्ये हाजीमलंग रस्त्यावर तिचा भडका उडाला. माजिवड्याची खाचरे मात्र युद्धाने नेली नाहीत. ती आग्रा रोड, घोडबंदर रोड, कारखाने आणि मग टॉवर यांनी एकेक करून घेतली.

पुढच्या पिढीच्या जवानाचा पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’ असा असे. तो कुठे आहे हे घरच्यांना कळायचे नाही, पण निळे अंतर्देशीय पत्र बरोबर पोचायचे. आता व्हिडिओ कॉलवर पंपाची मोटर जळाल्याचे दिसते, पीकविम्याचा अर्ज फोनवरून होतो. वर्षाची ६० दिवसांची रजा लावणीला घ्यायची की कापणीला, यावर मात्र आजही घरात खल होतो. लग्न झाले, मूल झाले की ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते आणि पलटणीच्या दप्तरात बायकोचे नाव चढते. पेन्शनला ती वारस असते. सैन्याच्या कागदांत ती आहे.

गावच्या कागदांत ती नाही, आणि इथेच या सगळ्या इतिहासाची खरी थकबाकी आहे. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन त्यांनी प्राण दिले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तो मान सार्थच. पण त्यांच्यासारख्या हजारो शिपायांच्या मागे ज्या बायांनी चिखलणी करवली, सारा भरला, सावकाराला तोंड दिले, त्यांचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच लागले. तिथे सासरा, मग नवरा, मग मुलगा. धनी गेल्यावर वारसाची नोंद घालायला ती तलाठ्याकडे खेटे घालायची, आणि भाऊबंद तिच्या आधी तिथे पोचलेले असायचे.

शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर १९९२ मध्ये राज्य सरकारने यासाठी सोय केली. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज दिला की बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. अर्ज मात्र नवऱ्यानेच करायचा असतो. तेव्हा सुट्टीवर आलेल्या जवानाने या खेपेला एक सकाळ तलाठी कार्यालयासाठी राखून ठेवावी आणि तो अर्ज देऊनच पलटणीत परतावे.