आकस्मिक

प्रक्षोभाच्या भरात केलेली हत्या इंग्लंडमध्ये खुनाऐवजी मनुष्यवध ठरे. १९४९ साली न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी डफी खटल्यात या प्रक्षोभाची व्याख्या केली: आत्मसंयमाचा आकस्मिक आणि तात्पुरता लोप. आरोपी स्त्री होती. मृत, तिला छळणारा नवरा. ही कसोटी दोन पुरुषांच्या झटापटीस शोभणारी होती. ताकदीने दुबळी स्त्री तत्क्षणी प्रतिकार कसा करणार? ती नवरा झोपण्याची वाट पाहते, आणि कायद्याच्या लेखी ती वाट पाहणे हाच थंड डोक्याचा पुरावा ठरतो.

पंजाबातून इंग्लंडला गेलेल्या किरणजित अहलुवालियाने दहा वर्षांच्या मारहाणीनंतर, मे १९८९मध्ये, निजलेल्या पतीस पेट्रोल टाकून पेटवले. डिसेंबरात जन्मठेप झाली. 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या संघटनेने तिच्यासाठी मोहीम चालवली. जुलै १९९२मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. परंतु 'आकस्मिक'ची अट कायम ठेवून, तिच्या नैराश्याच्या नव्या वैद्यकीय पुराव्यावर. सप्टेंबरात मनुष्यवधाची कबुली स्वीकारली गेली आणि भोगलेली कैद पुरेशी मानून तिला सोडण्यात आले. तिचा संताप समजून घेण्यापेक्षा तिचे मन आजारी ठरवणे न्यायासनास सोपे गेले, असे मला वाटते.

२००९च्या कायद्याने इंग्लंडने ही अट काढली. आपल्याकडे मुंबईच्या नानावटी खटल्यात, १९६१ साली, मृताचे पूर्ववर्तनही विचारात घेता येईल असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. तथापि २०२३च्या भारतीय न्याय संहितेतही प्रक्षोभ 'गंभीर आणि आकस्मिक'च असावा लागतो.