पंडिता रमाबाई आणि तारणाचा प्रश्न : एका धर्मनिष्ठेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वाशीम येथे १९३८ मध्ये सुरू झालेल्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलमुळे 'नाझरीन मिशन' हे नाव वऱ्हाडच्या या भागात परिचित झाले. रुग्णसेवेची नोंद राहते. तिच्यामागे असलेल्या धर्मश्रद्धेचा विचार मात्र स्थानिक इतिहासलेखनात फारसा होत नाही. जॉन वेस्लीच्या परंपरेतून आलेल्या या पंथाची धारणा अशी की, तारण हे केवळ बाप्तिस्म्याने अथवा चर्चच्या सभासदत्वाने मिळत नाही. त्याची खात्री प्रत्येकाने स्वतः अनुभवावी लागते. मराठी समाजात हा प्रश्न ज्या व्यक्तीने सर्वाधिक निर्भयपणे हाताळला, तिचा वाशीमच्या मिशनशी संबंध नव्हता. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२). प्रस्तुत लेखात त्यांच्या समाजकार्याचा आढावा घेतलेला नाही. तारणासंबंधीची त्यांची भूमिका कशी घडली व त्या भूमिकेची किंमत त्यांनी कोणाकोणाकडे मोजली, एवढाच मुद्दा येथे विचारार्थ घेतला आहे.

धर्मांतराची पार्श्वभूमी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविले आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडिलांचा अंत झाला. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. धर्मशास्त्रांचे वाचन त्यांनी खऱ्या अर्थाने तेथेच केले. त्या वाचनातून त्यांच्या मनावर एक गोष्ट ठसली : इतर बाबतींत परस्परविरोधी असणारे ग्रंथ स्त्री व शूद्र यांच्या मोक्षाधिकाराविषयी मात्र जवळजवळ एकमताने बोलतात. स्त्रीने पतीलाच देव मानावे, वेदाध्ययनाची आशा धरू नये, मोक्ष हवा असेल तर पुढील जन्माची वाट पाहावी. रमाबाईंच्या लेखी तारणाचा प्रश्न हा असा आरंभापासूनच सामाजिक प्रश्न होता.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. जनाबाई, चोखामेळा, बहिणाबाई यांच्या वारकरी परंपरेने भक्तीचे दार सर्वांसाठी उघडले होते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा तुकारामाचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. रमाबाईंच्या विचारात या परंपरेला तसे स्थान मिळाले नाही. त्यांचे बालपण व तारुण्य महाराष्ट्राबाहेर, तीर्थयात्रेत व पुराणकथनात गेले होते, हे त्याचे एक कारण असावे. त्यांच्या मांडणीतील ही उणीव मान्य करावयास हवी.

सिल्चर येथे बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले. पती बिपिनबिहारी यांच्या निधनानंतर त्या पुण्यास आल्या व १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे, वाँटेज येथे, फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्रांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

चर्चशी मतभेद

पुण्यातील टीकाकारांनी या घटनेचा अर्थ 'पंडिता मिशनऱ्यांच्या जाळ्यात सापडली' असा लावला. पत्रव्यवहार काही वेगळेच सांगतो. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना आज्ञाधारक शिष्या हवी होती. रमाबाईंनी मात्र त्रैक्याच्या सिद्धांताविषयी शंका विचारल्या, अथनेशियन मतांगीकार नाकारला आणि शाकाहार सोडला नाही. क्रूसावरील लॅटिन लेखालाही त्यांची हरकत होती. त्या जागी संस्कृत का नको, असे त्यांचे म्हणणे होते. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी विरोध केला, तेव्हा तो विरोधही त्यांनी मुकाट्याने स्वीकारला नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, हा १८८५ च्या त्यांच्या पत्रांचा आशय आहे. धर्मांतरित व्यक्तीकडून कृतज्ञतेची अपेक्षा असते. ती अपेक्षा ओळखूनही त्यांनी विवेकाशी तडजोड केली नाही. हिंदू टीकाकारांशी झालेल्या संघर्षापेक्षा हा संघर्ष अवघड होता, कारण अन्न, निवारा व मुलीचे शिक्षण ही सारी त्या काळात याच लोकांच्या हाती होती.

तारणाचा शोध मात्र बाप्तिस्म्याने संपला नाही. धर्म स्वीकारूनही ख्रिस्ताची प्रत्यक्ष ओळख झालेली नाही, असे त्यांना वाटत राहिले. विल्यम हॅस्लम हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक असून त्यांना तारणाची खात्री दीक्षित पाळक झाल्यानंतर पटली होती. त्यांचे आत्मकथन वाचून १८९१ च्या सुमारास रमाबाईंना आपल्या अस्वस्थतेचे उत्तर मिळाले. हे तारण पुण्यकर्मांनी मिळवायचे नव्हते, त्यासाठी पुढच्या जन्माचीही गरज नव्हती. ते याच जन्मी, कोणालाही, विनामूल्य मिळणारे होते. कलकत्त्यात पडलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होते.

शारदासदनाचा वाद

या अनुभवाचा परिणाम लगेच दिसला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले व नंतर पुण्यात आलेले शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाई आपली प्रार्थना दार बंद करून करीत नसत; काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार समितीचा राजीनामा दिला आणि सुमारे पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. रानडे-भांडारकर हे काही सनातनी नव्हते. पालकांनी विश्वासाने पाठविलेल्या अल्पवयीन मुलींचा प्रश्न त्यांच्यासमोर होता आणि तो खोटा म्हणता येत नाही. दुसरीकडे, आपल्याच घरात आपली श्रद्धा लपवावी, ही अपेक्षा रमाबाईंना अप्रामाणिक वाटली. दोन्ही बाजूंना तत्त्व होते. एवढे मात्र खरे की, माघार घेतली असती तर सदनाचा आधार टिकला असता, हे कळत असूनही रमाबाईंनी माघार घेतली नाही.

पुढील दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून व गुजरातेतून आणलेल्या मुलींसाठी केडगाव येथे जी संस्था वाढविली, तिला 'मुक्ती' हे नाव दिले. ज्या शब्दावर शास्त्रांनी स्त्रीचा हक्क नाकारला होता, तोच शब्द निराधार मुलींच्या घराच्या दारावर लागला. बायबलच्या भाषांतरात मात्र त्यांनी उलट दक्षता घेतली. प्रचलित मराठी बायबलमधील संस्कृतप्रचुर शब्द वाचकाला वेदान्ताकडे नेतात आणि अल्पशिक्षित बायकांना कळतही नाहीत, म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत स्वतंत्र भाषांतर केले. नवा करार १९१३ मध्ये निघाला. संपूर्ण ग्रंथाचे काम उरकत असतानाच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून, ते बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.