श्रीपतला कुणी विचारले?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मूल दुःखात दिसले की मोठ्या माणसांची धावपळ सुरू होते. ती धावपळ मनापासूनची असते, यात शंका नाही. पण ती मुलासाठी आहे की आपल्या समाधानासाठी, हे तपासायला सहसा कुणाला सवड नसते. आज आपल्याला अशाच एका मुलाची हकिगत सांगायची आहे. ती मुंबईची आहे, १८४३ सालची आहे. पण तिचा एक धागा आपल्या जालन्यापर्यंत येऊन पोहोचतो.

जालन्याच्या इतिहासात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते इथे आले. सर सालारजंग यांनी निजाम सरकारतर्फे दिलेल्या जमिनीवर त्यांनी गावाजवळ ‘बेथेल’ नावाची वस्ती वसवली. तिथे त्यांच्याकडे आलेली मंडळी बहुतांशी मांग समाजातली होती. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत देवाचे घर. आम्हा उर्दू-अरबी कानावर पडलेल्यांना त्यातला ‘बैत’ म्हणजे घर, हा शब्द लगेच ओळखू येतो.

हे नारायणराव मूळचे ब्राह्मण. मुंबईला स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले आणि १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ते वयाने जाणते होते. निर्णय त्यांचा होता. प्रश्न उभा राहिला तो त्यांच्या धाकट्या भावाचा, श्रीपतचा. श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही थोरल्या भावाच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या आश्रयाला राहिला होता.

वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्यांना मुलाला कोर्टात हजर करावे लागले. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी बापाचा हक्क मानला. मुलाला कितपत समज आहे, याची चाचणी घ्यायचे त्यांनी नाकारले आणि श्रीपतला वडिलांच्या हवाली करण्याचा हुकूम दिला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

पण घराचे दार उघडे होते म्हणून जातीचे दार उघडे होते असे नव्हे. श्रीपतने मिशनऱ्यांच्या घरी अन्नपाणी घेतले होते. आता त्याला पंगतीला कसे घ्यायचे? इथे बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे, मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे ते हेच. अजाण मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असा आग्रह त्यांनी धरला. मुंबईतल्या ब्राह्मणांत दोन तट पडले. श्रीपतला प्रायश्चित्तासाठी काशीला नेण्यात आले. तरीही सनातन्यांचा राग शमला नाही. खुद्द बाळशास्त्रींवर बहिष्काराचे सावट आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८४६ साली, बाळशास्त्री ऐन उमेदीत वारले.

यात खलनायक कोण, असे विचाराल तर बोट दाखवणे अवघड आहे. मिशनऱ्यांना मुलाचा आत्मा वाचवायचा होता. बापाला मूल हवे होते. न्यायाधीशांना कायदा राखायचा होता. शास्त्र्यांना धर्म आणि बाळशास्त्रींना माणुसकी सांभाळायची होती. मी यांच्यापैकी कुणाच्याच धर्माचा नाही. त्यामुळे कुणाचा मार्ग बरा, याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला दिसतो तो फक्त एक पोरगा. भावापासून तुटलेला, कोर्टात उभा केलेला, मग शुद्धीसाठी शेकडो मैल नेलेला. त्याच्याविषयी सगळे बोलले. त्याच्याशी बसून कोण बोलले?

अलीकडे जपानमध्ये एक चित्रमालिका गाजली. ‘ताकोपीचे मूळ पाप’ असे तिचे नाव सांगता येईल. ताईझान ५ या नावाने काढणाऱ्या चित्रकाराने ती २०२१-२२ साली क्रमशः प्रसिद्ध केली. परग्रहावरून आलेला एक भाबडा जीव, ताकोपी, शाळेत आणि घरात छळ सोसणाऱ्या एका मुलीला हसवायचे ठरवतो. त्याच्या पोतडीत आनंदाची नाना साधने आहेत. पण तिच्या दुःखाचा त्याला उमजच पडत नाही. तो मदत करत जातो आणि संकट वाढत जाते. शेवटी जे काही कामी येते ते साधन नव्हे, तर एकमेकांशी बोलणे. ती गोष्ट वाचताना मला श्रीपत आठवला.

कायद्याला ही गोष्ट उमगायला वेळ लागला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात अशी तरतूद आली, की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. पेरीसाहेबांच्या निकालानंतर ४७ वर्षांनी! पुढे १९८९ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलाचे म्हणणे ऐकून घेणे हा त्याचा हक्क ठरला. भारताने तो करार १९९२ साली मान्य केला.

पण हक्क कागदावर आला म्हणजे तो घरात आला असे नाही. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. पोरांना कुणी बरोबर नेतो, कुणी आजीपाशी ठेवतो, कुणी हंगामी वसतिगृहात घालतो. पोरगी वयात आली की ‘फडावर कुठे सांभाळायची?’ म्हणून तिचे लग्न उरकून टाकले जाते. तेही काळजीपोटीच. आई-बापाची मजबुरी मी जाणतो. त्यांना दूषण देणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. पण बैलगाडी जुंपण्याआधी, ट्रॅक्टर सुरू होण्याआधी, त्या लेकराला शेजारी बसवून ‘तुला काय वाटते?’ एवढे विचारायला काही पैसे पडत नाहीत.

सगळ्याच गोष्टी त्याच्या मनासारख्या करता येणार नाहीत. पण निदान त्याचे मन कुठे आहे, हे तरी कळेल. मदतीची सुरुवात तिथून व्हायला हवी.